उंच इमारत आणि घरोघरची बाग

हल्लीं कर्जत, चौक, खालापूर, खोपोली या बाजूस रस्त्यानें जाणाऱ्यास घरबांधणीच्या जाहिरातींच्या पाट्या पदोपदीं आढळतात. त्यांतील कित्येक पाट्यांवर उंच इमारतीचें चित्र असून प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक घरापुढें, एक हिरवी बाग काढलेली असते. आपणांपैकीं ज्यांची जमीन रस्त्यालगत आहे त्यांजकडे बिल्डर येतात आणि जमिनीच्या मोबदल्यांत कांहीं रोख व कांहीं सदनिका असा सौदा मांडतात. 'शेत गेलें तरी बाग दाराशीं राहीलच कीं,' असें गोड बोलणेंही त्यासोबत असतें. ही बाग व्यवहारांत कितपत टिकते याचा विचार सही करण्यापूर्वीं व्हावा, म्हणून हा लेख. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. इमारतशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु माती, पाणी आणि कागद या तीन गोष्टींचा हिशेब शेतकऱ्यास व कारकुनास, दोघांसही कळतो.

कल्पना वेडगळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मुंबईंत कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांच्या योजनेची 'कांचनजंगा' नांवाची इमारत १९८३ सालीं पुरी झाली. ती ८४ मीटर उंच असून तींत अवघीं ३२ घरें आहेत. जुन्या बंगल्याचा व्हरांडा जसा ऊन-पाऊस अडवी, तसा प्रत्येक घराच्या कोपऱ्यास दोन मजले उंचीचा मोकळा सज्जा ठेवून आंतील खोल्यांस आडोसा केला आहे. पण तेथें सज्जा मुख्य, झाडें दुय्यम. आणि एवढ्या उंचीच्या इमारतींत केवळ ३२ कुटुंबांची सोय. इतकी जागा मोकळी सोडण्याचा खर्च ज्यांस पेलतो त्यांच्यासाठीं ती आहे. आपल्याकडील पाटीवर घरें शेंकड्यांनीं आणि बाग मात्र तशीच, हें गणित जुळत नाहीं.

आतां माती घ्या. १०० चौरस फुटांची बाग म्हणजे गुंठ्याचा अकरावा हिस्सा. तींत फूटभर माती भरली तर बरोबर एक ब्रास होते. ज्यानें ट्रॅक्टरनें माती वाहिली आहे त्यास ब्रासचें वजन सांगावयास नको. पावसानें भिजली म्हणजे ती ५ टनांच्या आसपास भरते. राहत्या खोलीची बांधणी करतांना चौरस मीटरास २०० किलो भार धरण्याचा प्रघात आहे. या बागेंत तोच भार साडेपांचशें किलोवर जातो. बरें, फूटभर मातींत तुळस, मोगरा, चार वेलींची भाजी येईल. आंबा-चिकू येणार नाहीं. झाड म्हणण्याजोगें झाड लावावयाचें तर तीन फूट माती पाहिजे, म्हणजे ३ ब्रास, १५ टन, एकेका घरापुढें. काथ्याचा भुसा मिसळून माती हलकी करतां येते हें खरें. पण भुसा कुजून खालीं बसतो आणि पुन्हा भर घालावी लागते. ती भर अठराव्या मजल्यावर कोण नेणार?

पाण्याची तऱ्हा तर दोन्ही टोकांची. आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उघड्या १०० चौरस फुटांवर तो सुमारें २८ हजार लिटर भरतो. शेतांत बांध फोडून पाणी खालच्या खाचरांत सोडतां येतें. सज्ज्यांत खालचें खाचर म्हणजे शेजाऱ्याची बैठकीची खोली. पुढें एप्रिल-मे महिन्यांत चौरस मीटरास ५ लिटर धरले तरी त्याच तुकड्यास रोज पंचेचाळीस लिटर हवेत. शहरांत माणशीं १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे ही बाग घरांत एक-तृतीयांश माणूस वाढवते. दोनशें घरांस रोज एक टँकर झाला. खालापुरांत मोरबे धरण आहे, पण तें नवी मुंबई महानगरपालिकेचें. सांडपाणी शुद्ध करून बागेस घालतां येतें, व घालावेंच; मात्र त्या यंत्राची वीज व राबता माणूस यांचा पैसा दरमहा मोजावा लागतो. ज्या शेतकऱ्यास मोबदल्यांत चार सदनिका मिळाल्या त्याच्या वांट्यास देखभालीचीं बिलेंही चार येतात.

परदेशचे दोन दाखले येथें उपयोगीं पडतील. इटलींतील मिलान शहरीं २०१४ सालीं दोन मनोरे उभे राहिले. त्यांच्या सज्ज्यांत सुमारें ८०० झाडें असून तीं चांगलीं वाढलीं आहेत. कारण असें कीं, लावण्यापूर्वीं वाऱ्याच्या झोतांत झाडांची परीक्षा घेतली, तीं पोलादी तारांनीं बांधून ठेवलीं, आणि छाटणीस दोरावर लटकून काम करणारे माळी नेमले. निगा सर्व सामाइक खर्चानें व सामाइक हुकुमानें होते. म्हणजे जी बाग खरोखर टिकली ती खासगी नाहींच! चीनमधील चेंगडू येथें ८ इमारतींत ८२६ घरें २०१८ सालीं पुरीं झालीं, प्रत्येकास हिरवा सज्जा. घरें विकलीं गेलीं. तरी २०२० सालीं तेथें दहाएक कुटुंबेंच राहत होतीं. वेली मोकाट माजल्या व डांसांचा सुळसुळाट झाला. आपल्या तालुक्यांतील कित्येक सदनिकांचे मालक मुंबईकर, शनिवार-रविवारपुरते येणारे. जेथें कौलावरही गवत उगवतें तेथें बंद घराचा सज्जा दोन श्रावणांत रान होईल.

आतां कागद. शेतास सातबारा असतो. अधांतरीं बागेस तो नाहीं. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणें जमीन व इमारत शेवटीं संस्थेच्या नांवें करून द्यावयाची असते. २०१६ च्या रेरा कायद्यांत चटईक्षेत्राची जी व्याख्या आहे तींत सज्जा व उघडी गच्ची धरलेली नाहीं. तेव्हां 'एकरामागें इतके हजार फूट' असें ठरलें असेल तर तें चटईक्षेत्र कीं बागेसह, हें करारांत स्पष्ट लिहून घ्यावें. एरव्हीं बाग मोजून घर कापलें जातें. त्याच कायद्याच्या कलम १४ अन्वयें ताब्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरनें स्वखर्चानें दुरुस्त करावयाचा असतो. झाडाचें मूळ एवढी घाई करीत नाहीं. सातव्या वर्षीं स्लॅब पाझरला तर तंटा खालच्या घरमालकाशीं, आणि त्यास मामलेदार कचेरींत दाद नाहीं.

एवढें लिहिलें म्हणून आम्ही उंच इमारतींच्या विरुद्ध आहों असें समजूं नये. शंभर घरांस एकेक गुंठ्याचे प्लॉट पाडले तर रस्ते वगळून अडीच एकर जमीन जाते, बांध मोडतात, पाण्याची वाट बुजते व लगतचें चांगलें खाचरही बिघडतें. हीं शंभर घरें वरकस माळावर एकावर एक रचलीं तर इमारतीखालीं दहा गुंठे पुष्कळ झाले. उरलेल्या जमिनींत आंबा, फणस, कोकम लावावे. आणि खासगीच बाग हवी तर प्रत्येक घरास नंबर घालून जमिनीवर एकेक वाफा द्यावा. वर सज्ज्यांत कुंड्या शोभतात. राजनाल्याखालील दुबार भाताची जमीन मात्र कोणीं या कामास देऊं नये. तसेंच पाया खणतांना वरची वीतभर कसदार माती ब्रासच्या भावानें बाहेर जाते, ती मालकाची राहील असें एक कलम घालावें. दुसऱ्या शेतांत तिचें सोनें होतें.

जे सभासद सध्यां बोलणीं करीत आहेत त्यांनीं सज्ज्याचा भार चौरस मीटरास किती किलो धरला आहे, तें इंजिनिअरच्या सहीनें लेखी मागावें. आकडा तीनशेंच्या आंत निघाला तर चित्रांतील झाडें कुंडींतलीं समजावीं आणि सौद्यांत त्यांची किंमत धरूं नये.