सूर्य मावळण्याआधीची मजुरी

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी ही पद्धत पडली आणि कामगारांच्या अंगवळणी पडली. आमच्या मंडळीतल्या कित्येक तरुणांना त्यामुळे रविवारची उपासना मिळत नाही. चर्चमध्ये पहिले गीत सुरू होते तेव्हा ते फर्स्ट शिफ्टला मशीनवर उभे असतात. म्हणून कारखान्याच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झाल्यावर मी चिंचवडच्या घरी गुरुवारी संध्याकाळी बायबलचा वर्ग सुरू केला. नगर आणि जालन्याकडची मुले येतात, झारखंडची येतात. कुणी चाकणला हेल्पर आहे, कुणी वेल्डर, कुणी महाळुंग्याच्या गोदामात माल चढवतो. एक गृहस्थ स्वतः छोटे ठेकेदार आहेत.

या वर्गामुळे माझे एक मत पक्के झाले आहे. शास्त्राचा अर्थ कष्टकऱ्याच्या शेजारी बसून वाचला तरच पुरता कळतो. आणि ज्याच्याकडे दुसऱ्याची मजुरी अडकली आहे, त्याची भक्ती कितीही मनापासूनची असली तरी देवापुढे ती अपुरी आहे.

अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेने मजुरांबद्दल नियम घालून दिला आहे. गरीब मजुराला नाडायचे नाही. त्याचे दाम त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत चुकते करायचे, कारण त्याचा सारा जीव त्या दामावर असतो. तो मजूर आपल्या भाऊबंदांतला आहे की परमुलखातून आलेला, हे बघायचे नाही. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातही मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवून घ्यायला मनाई आहे. नव्या करारात याकोब त्याच्याही पुढे जातो. शेतमालकांनी दाबून ठेवलेली मजुरी स्वतःच आरडाओरडा करते आणि तो आवाज देवाच्या कानी पोहोचतो, असे तो पाचव्या अध्यायात बजावतो.

हा भाग आम्ही वाचला त्या दिवशी जालन्याकडचा एक मुलगा बराच वेळ गप्प होता. सात महिन्यांनी त्याला 'ब्रेक' मिळाला होता. हा शब्द आमच्या पट्ट्यात सगळ्यांना कळतो. कंत्राटी कामगार कायम होऊ नये म्हणून मध्येच त्याचे काम थांबवतात, त्याला ब्रेक म्हणतात. त्याचा शेवटच्या महिन्याचा पगार आणि ओव्हरटाइम ठेकेदाराकडे अडकला होता. दर वेळी फोनवर 'पुढच्या आठवड्यात ये' हेच उत्तर. खोलीचे भाडे थकले होते, मेसवाल्याने डबा बंद केला होता. तो म्हणाला, "काका, हे आमच्या कॉन्ट्रॅक्टरला वाचून दाखवता येईल का?"

माझ्याआधी आमच्या वर्गातले ठेकेदार बोलले. "बाळा, कंपनीकडून बिल पास झालं नाही तर ठेकेदाराने पैसे आणायचे कुठून?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मोठी कंपनी व्हेंडरचे पैसे थकवते, व्हेंडर ठेकेदाराचे आणि ठेकेदार मजुराचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत असे २००६चा कायदा सांगतो. ती मुदत किती पाळली जाते, हे कोणत्याही छोट्या वर्कशॉपवाल्याला विचारा. पण या साखळीत ज्याच्याकडे एका महिन्याचेही पाठबळ नाही, असा एकच माणूस असतो आणि तो सगळ्यात खाली उभा असतो. मोशेचा नियम त्याच्यासाठी आहे. बिल पास होण्याची वाट मावळता सूर्य बघत नाही.

मोशेने सांगितले ते आजच्या कायद्यातही आहे. देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता सांगते की रोजंदारीचे पैसे पाळी संपताना द्यावेत आणि महिनेवारी पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. माणूस काम सोडून गेला किंवा त्याला काढून टाकले, तर त्याचा हिशोब कामाच्या दोन दिवसांत पुरा करावा. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्या कंपनीत काम झाले तिने तो भरावा, ही तरतूद १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. याचा अर्थ नियमांची वाण नाही. ते मोडण्याची लाज आणि भीती कमी झाली आहे, आणि तिथेच धर्माचे काम सुरू होते.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला आमच्या वर्गात पुन्हा पुन्हा निघतो. मळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवतो, एक दिनार रोजावर. मग दिवसभरात तो आणखी काही वेळा बाजारात जातो आणि माणसे पाठवतो. दिवस मावळायला तासभर उरलेला असतानाही काही जण तिथेच उभे दिसतात. रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो. आम्हाला कुणी कामावर घेतले नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी तो सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो.

हे दृश्य आम्हाला नवे नाही. मजूर अड्ड्यावर सकाळी नऊनंतर कोण उरते ते पाहा. तगडे तरुण आधीच टेम्पोत बसून गेलेले असतात. मागे राहतात ते पांढऱ्या केसांचे, पाय अधू असलेले, कडेवर मूल घेतलेल्या बायका आणि एसटी उशिरा पोहोचल्यामुळे मागे पडलेले. त्यांना आळशी म्हणणे पाप आहे. धन्यानेही त्यांना आळशी म्हटले नाही. संध्याकाळी त्यांच्या घरातही तेवढेच पीठ लागते, हे त्याला ठाऊक होते.

हा दाखला स्वर्गाच्या राज्याबद्दल आणि देवाच्या कृपेबद्दल आहे, त्याचा पगाराशी काय संबंध, असे काही पाळक सांगतील. तो कृपेबद्दल आहे हे मला मान्य आहे. पण येशू स्वतः सुतारकाम करणारा होता. कृपा समजावण्यासाठी त्याने राजदरबार निवडला नाही, मजुरीची वेळ आणि मजुरांची कुरकुर निवडली. पहाटेपासून राबलेल्यांची तक्रार काय होती? या उशिरा आलेल्यांना आमच्या बरोबरीला बसवले, ही. एकाच लाइनवर शेजारी उभे राहून तेच बोल्ट आवळणाऱ्या कायम आणि कंत्राटी कामगारांच्या मनातली दरी त्या एका तक्रारीत पुरती दिसते. आपल्या पगाराचा अभिमान जरूर बाळगावा. शेजाऱ्याला आपल्याएवढे मिळाले म्हणून मन कडू झाले, तर मात्र देवाच्या उदारपणावरच आपण रुसलो असे समजावे.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय तर आमच्या ठेकेदारांना अगदी ओळखीचा वाटला. तो जकातदारांचा मुख्य होता, पैशाने गबर होता. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कयने सर्वांसमोर सांगितले की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करीन. या घराला तारण मिळाले, असे येशू म्हणाला ते त्यानंतर. आधी हिशोब, मग आशीर्वाद, असा इथला क्रम आहे.

आणि हा क्रम आमच्या मातीला परका नाही. चिंचवडहून देहू जवळच आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट इथल्या पोराबाळांनाही माहीत असते. भक्तीला लागताना त्यांनी आधी लोकांची देणी सोडली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक सांगत की आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो. त्यांचे म्हणणे देहूजवळ राहून मला जास्त उमगते. घामाचे दाम घाम वाळण्याआधी द्या, ही पैगंबरांची शिकवण मुसलमान कामगार मला सांगतात. याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी १९२२ साली डोळे मिटेपर्यंत बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. साध्या बायाबापड्यांना ते स्वतः वाचता यावे, हा त्यांचा ध्यास होता आणि मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच ते छापले. कष्टकऱ्यांसाठी ज्या पुस्तकावर एवढी मेहनत झाली, ते नुसत्या कापडी वेष्टनात जपून ठेवण्यासाठी नाही.

श्रद्धा घरात ठेवावी, कारखान्यात आणू नये, असे मला काही मित्र सांगतात. कुणाला धर्म पटवायला किंवा कुणावर लादायला ती आणू नये, हे मीही म्हणतो. पण वजनकाटा, हजेरीपट आणि पगारपत्रक यांच्यापाशी जी श्रद्धा माणसाला अडवत नाही, ती चर्चच्या दारातही त्याला अडवणार नाही. आमच्या वर्गातल्या ठेकेदारांनी त्या संध्याकाळनंतर एक नियम केला. कंपनीकडून पैसे आले की आधी पुढच्या महिन्याचा पगार वेगळ्या खात्यात ठेवायचा, मग गाडीचा हप्ता आणि मग घर. त्यांना ते जड जाते, पण त्यांच्या माणसांना आता सात तारखेला फोन करावा लागत नाही. जालन्याच्या त्या मुलासाठी त्यांनीच ओळखीतून त्याच्या ठेकेदाराशी बोलणे केले आणि त्याचा पगार सुटला. ओव्हरटाइमचे पैसे मात्र अजून यायचे आहेत.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन त्याच्याशी समेट करा. चाकण-पिंपरीतल्या माझ्या ख्रिस्ती बांधवांना, सुपरवायझरांना, ठेकेदारांना आणि वर्कशॉप चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आणि इतर धर्माच्या वाचकांनीही ती आपलीच समजावी. पुढच्या प्रार्थनेला बसण्यापूर्वी हजेरीची वही उघडा. ज्याचे पैसे राहिले आहेत त्याला आजच फोन करा आणि सूर्य मावळण्याआधी त्याचा हिशोब पुरा करा.