दमा कामगाराचा, दुरुस्ती कारखान्याची

जपानमधील हिरोशिमाच्या उपसागरात कालवांची मोठी शेती चालते. तराफ्यांखाली वाढलेली कालवे थंडीच्या दिवसांत किनाऱ्यावर आणायची आणि शिंपला उघडून गर काढायचा, हे तेथील पिढीजात काम. कोकणातील स्त्रियांना ते नवे नाही. मात्र त्या उघड्या खडकावर बसतात, तेथे बंद खोलीत दाटीने बसून काम चाले. १९६०च्या दशकात या कामगारांत दम्याचे रुग्ण इतके आढळू लागले की, डॉक्टरांनी त्याचा शोध आरंभला. दोष कालवांचा नव्हताच. शिंपल्यांना चिकटून वाढणारा ‘होया’ नावाचा पिशवीसारखा समुद्रजीव काम करताना ठेचला जाई आणि त्याच्या अंगातील द्रवाचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे छातीत जात.

औषधोपचार झालेच, पण त्यावर न थांबता कालवे आधी धुऊन होया काढून टाकणे, खोलीत हवा खेळती ठेवणे असे बदलही झाले आणि दम्याचे प्रमाण उतरले. स्कॉटलंडमध्ये कोळंबीसदृश जीवाचे मांस कवचातून काढण्यासाठी हवेचा झोत मारीत. तेथील कामगारांच्या श्वसनविकाराची नोंद १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. हवेऐवजी पाण्याचा झोत वापरताच हवेत उडणारे कण कितीतरी कमी होतात, हे पुढे दिसून आले. माणसे तीच, मालही तोच. बदलले ते केवळ यंत्राचे तोंड!

मात्र एक कटू सत्य ध्यानात घेतले पाहिजे. ज्याच्या शरीरात ही संवेदनशीलता एकदा निर्माण झाली, त्याला अल्पसा अंशही पुरतो. त्याने त्या हवेतून पूर्णपणे बाहेर पडणे, हाच खात्रीचा उपाय. सुधारणा वाचविते ती प्रामुख्याने उद्याच्या कामगाराला. मग आजच्या रुग्णाने काय करावे? नोकरी सोडावी? त्याच कारखान्यात, त्याच वेतनावर, दुसरे काम देणे एवढाच न्याय्य मार्ग उरतो.

आपल्या किनाऱ्यावरही, रत्नागिरीपासून कोचीपर्यंत, कोळंबी सोलणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य. कवचधारी जीवांतील प्रमुख अपायकारक प्रथिन उकळूनही नष्ट होत नाही. वाफेबरोबर ते हवेत पसरते. परदेशी ग्राहकाच्या धाकाने आपले कारखाने लख्ख झाले, हे खरे. परंतु सोलणारीच्या डोक्यावरची टोपी आणि हातातील मोजे मुख्यतः कोळंबीच्या रक्षणासाठी असतात, तिच्या नव्हे! छाती भरून येऊ लागली की ती ठेकेदाराला काही सांगत नाही, कारण सांगितले तर दुसऱ्या दिवशीचे काम जाते. शेवटी ती येईनाशी होते आणि हजेरीपटावर निरोगीच तेवढे उरतात. कारखाना मग निर्दोष दिसतो.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य दम्याचा समावेश आहे. पण भरपाई मागायची तर आजार कामामुळेच झाला हे दिसले पाहिजे. त्यासाठी एक साधी फुंकनळी पुरेशी ठरू शकते. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी, दिवसातून चार वेळा, काही आठवडे श्वासाचा जोर मोजून लिहून ठेवायचा. सुट्टीत आकडा चढला आणि कामावर उतरला, तर संशयाला आधार मिळतो. हंगाम सुरू होताना प्रत्येक सोलणी केंद्रात अशी नळी आणि एक वही ठेवण्यास कोणत्या मालकाचे दिवाळे निघणार आहे?