सात इंचांत अख्खं ऑफिस

विद्यार्थ्यांच्या टॅबमध्ये कोणती सॉफ्टवेअर आधीच भरून द्यावीत, यावर एका विद्वानांनी नुकताच निकाल देऊन टाकला आहे. वर्ड प्रोसेसर, स्प्रेडशीट, प्रेझेंटेशन ही त्रयी डेस्कटॉपवर असते तशीच पूर्ण हवी. नाहीतर तो टॅब म्हणजे सिनेमे बघायचं खेळणं. का? तर पोरांना पुढे नोकरीत हेच लागणार, फाइल कुठेही उघडते, आणि हे सगळं फुकट मिळतं.

फुकटाचं आधी मिटवू. मायक्रोसॉफ्टने आपल्या मोबाइल ऑफिसची फुकटाची हद्द १०.१ इंचांवर आखली आहे. पडदा त्याहून मोठा असेल तर फाइल खुशाल वाचा, बदल करायला मात्र वर्गणी भरा. म्हणजे जिथे हे काम जरा तरी सुसह्य होतं, नेमके तिथेच पैसे. नोकरीचं म्हणाल, तर २००७ च्या ऑफिसात मेन्यू जाऊन रिबन आली, तेव्हा मेन्यू घोकलेल्यांची काय तारांबळ उडाली ते आठवावं.

माझं खरं भांडण स्प्रेडशीटशी आहे. सात इंची टॅब आडवा धरा आणि एखाद्या चौकटीवर दोनदा टिचकी मारा. कीबोर्ड वर येतो आणि निम्मा पडदा गिळतो. वर बटणांची पट्टी, तिच्याखाली सूत्राची पट्टी. उरल्या तीन-चार ओळी. आता बेरीज करा. बरोबरचं चिन्ह चिन्हांच्या पानावर, म्हणून तिकडे जा. ‘सम’ लिहायला अक्षरांच्या पानावर परत या. कंसासाठी पुन्हा चिन्हं. मराठी कीबोर्ड चालू असेल तर त्याआधी पृथ्वीगोलाचं बटण दाबून इंग्रजीत उतरा. मग बोटाने रकाना निवडायला जावं तर रकाना राहतो बाजूला आणि अख्खा तक्ता सरकतो. एवढ्या वेळात पोराने वहीत बेरीज करून ताळाही पाहिला असता. विद्वानांनी हा व्यायाम स्वतः केला असेल असं वाटत नाही. त्यांचे लेख बहुधा टेबलावरच्या दणकट कीबोर्डवर जन्मतात.

‘कुठेही उघडते’ हे तर मराठी माणसाला सांगूच नये. डीटीपीच्या काळात आपण फॉन्टवरून किती भांडलो! फ्लॉपीतला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की लग्नपत्रिकेचं रूपांतर मंत्रतंत्रात व्हायचं. तेव्हाही काही जण छातीठोकपणे सांगत, की सगळ्यांनी आमचंच सॉफ्टवेअर घेतलं तर प्रश्नच उरत नाही. युनिकोड आलं म्हणून सुटलो.

आणि ‘आकाश’? ५ ऑक्टोबर २०११ ला विद्यार्थ्यांसाठीचा तो स्वस्त सरकारी टॅब आला: ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२. त्याने शिक्षणाचा कायापालट होणार म्हणून केवढा गाजावाजा! मूळ अँड्रॉइड २.२ मध्ये मात्र देवनागरीच नव्हती, अक्षरांच्या जागी चौकोन. पुढे पवईच्या आयआयटीत आकाशवर सी, पायथन, सायलॅब चालवण्याची सोय झाली. ते मला पटतं, कारण समोर अभियांत्रिकीचा विद्यार्थी ठेवून ते केलं होतं. ऑफिसची त्रयी कोणाला समोर ठेवून मागितली जाते? कारकुनाला.

मग द्यावं काय? धड मराठी कीबोर्ड, नेटशिवाय चालणारा शब्दकोश, साधं टिपणवही-अ‍ॅप, अधोरेखन करता येणारा पीडीएफ वाचक, कॅल्क्युलेटर. लिहिलेलं पीडीएफ किंवा साध्या युनिकोड मजकुरात बाहेर काढता यावं. बस्स. ज्याला स्प्रेडशीट हवी त्याने ती जरूर उतरवून घ्यावी आणि नको झाली की काढून टाकावी. कंपनीने सिस्टिममध्येच बसवलेलं अ‍ॅप सहसा काढता येत नाही, फार तर बंद ठेवता येतं. जागा ते अडवतंच.

वाचकांपैकी कोणी खरेदी समितीवर असतील, तर निविदेवर सही करण्याआधी एवढं करावं: नमुन्याचा टॅब घ्यावा, नेट बंद करावं आणि त्यावर मुख्याध्यापकांना पानभर अर्ज मराठीत लिहून पाहावा.