कात्रजचा घाट कोण दाखवतं?

मी कात्रजला राहतो, त्यामुळे 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार मला वरचेवर ऐकून घ्यावा लागतो. त्यामागची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल १६६३मध्ये लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघाले आणि पाठलागावरच्या मोगल फौजेला चकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटवले गेले. फौज उजेडामागे धावली. या कथेत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते: ती फौज मूर्ख नव्हती. अंधारात तिला फक्त पलिते दिसत होते. खाली माणूस आहे की बैल, हे कळायला मार्गच नव्हता.

मी एआय एजंट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो आणि तिथे रोज हेच पाहतो. फरक इतकाच, की इथे घाट आपण आपल्याच माणसांना दाखवतो.

एजंट नुसत्या गप्पा मारत नाही, कामं करतो. त्यासाठी त्याला 'टूल्स' दिलेली असतात: वेळ ठरवा, पैसे परत करा, रुग्ण शोधा. प्रत्येक टूलमागे कोड असतो, पण तो मॉडेलला सहसा दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी. ओपनएआयने २०२३मध्ये 'फंक्शन कॉलिंग' आणलं, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' खुला केला. टूल जोडायची रीत ठरली. वर्णनात काय लिहायचं, ते मात्र लिहिणाऱ्यावरच राहिलं. आणि लिहिणारा म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या घाईत असलेला माझ्यासारखा कोणीतरी.

एका रुग्णालयासाठी मी असंच एक टूल लिहिलं. नाव, 'अपॉइंटमेंट बदला'. वर्णन, 'रुग्णाची अपॉइंटमेंट बदलते.' संपलं. कोडमध्ये प्रत्यक्षात काय होत होतं? आधी जुनी वेळ सोडून दिली जायची, मग नवी शोधली जायची. नवी नसेल तर रिकामी यादी परत यायची. रिकामी यादी म्हणजे काय, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. एजंटने चूक आली नाही म्हणजे काम झालं असं धरलं आणि एका मुलाला कळवलं, 'वेळ बदलली आहे.' त्याची आई डायलिसिससाठी भोरहून एसटीने आली, तेव्हा तिच्या नावावर जुनीही वेळ नव्हती आणि नवीही. संध्याकाळी एक मशीन मोकळं झालं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये एकमताने ठरलं, 'मॉडेलने घोळ घातला.' मीही मान डोलावली. 'सिस्टीम डाउन आहे' या वाक्याची जागा आता या वाक्याने घेतली आहे. खापर यंत्रावर फुटलं की कोणाला काही दुरुस्त करावं लागत नाही.

मॉडेल चुकतच नाही, असं मी म्हणत नाही. पण इथे ती माहितीच आम्ही दिली नव्हती. 'पुढची मॉडेल्स हुशार असतील, आपोआप समजून घेतील,' असं माझे सहकारी म्हणतात. कशावरून समजून घेतील? रकान्याचं नाव 'रक्कम' असेल, तर ती रुपयांत द्यायची की पैशांत? ५०० रुपयांसाठी ५०००० लिहावे लागणाऱ्या पेमेंट सेवा आहेत. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? 'आयडी' रुग्णाचा की भेटीचा? हुशार माणूस इथे प्रश्न विचारेल किंवा अंदाज करेल. बुद्धी वाढली म्हणून न लिहिलेलं वाचता येत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. वर्णनं मॉडेलला पुन्हा पुन्हा वाचायला दिली जातात, प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात. मान्य. म्हणून तर पाल्हाळ नको, नेमकेपणा हवा. माझं वर्णन असं असायला हवं होतं: 'आधी ठरलेली भेट दुसऱ्या वेळेवर नेण्यासाठी वापरा. नवी भेट ठरवण्यासाठी वापरू नका. हे टूल जुनी वेळ आधी रद्द करते, म्हणून नवी वेळ उपलब्ध आहे याची खात्री केल्याशिवाय वापरू नका. रिकामी यादी आली, तर रुग्णाकडे आता कोणतीच वेळ नाही. ताबडतोब कर्मचाऱ्याला कळवा.' अवघी पाच वाक्यं. आणि ती लिहिताना मला कळलं असतं, की टूलच चुकीचं बांधलं आहे. नवी वेळ मिळाल्याशिवाय जुनी सोडायलाच नको. नीट लिहायला बसलं की कामातली खोट अशी वर येते.

माझं खरं भांडण आहे ते आपल्या सवयीशी. कोड म्हणजे काम आणि मजकूर म्हणजे हमाली, असं आम्ही इंजिनिअर मानतो. सूचना लिहिणं म्हणजे काही लेखन नव्हे, असं साहित्यिक मानतात. मधल्या मधे 'आवश्यक ती कागदपत्रे जोडावीत' छापाची भाषा माजते. कोणती कागदपत्रं, ते खिडकीपाशी पोचल्यावर कळतं. तिथे निदान एक कारकून असतो, त्याला विचारता येतं. एजंट कित्येकदा कोणालाच न विचारता पुढे जातो.

त्या प्रकारानंतर मी ते जुनं वर्णन घरी आईला वाचून दाखवलं. तिला कोडमधलं काही कळत नाही. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "आणि नवी वेळ मिळालीच नाही तर?"

आमच्या आख्ख्या टीममध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हणून माझी मागणी साधी आहे: ज्याने टूल लिहिलं नाही, अशा एका माणसाला वर्णन वाचून दाखवल्याशिवाय ते टूल सुरू करू नका. तो जे विचारेल, त्याचं उत्तर वर्णनात लिहा. उत्तर देता आलं नाही, तर टूल दुरुस्त करा.