खेळ विकलात, तर खेळू द्या

डिसेंबर उजाडला की व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत एकच वाद रंगतो: वर्षाचा सर्वोत्तम खेळ कोणता? २०२५ मध्ये त्याचा निकाल ११ डिसेंबरला लागला. लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरात ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३’ या खेळानं नऊ पुरस्कार पटकावले. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या एका लहान स्टुडिओचा हा पहिलाच खेळ. बड्या कंपन्यांच्या गर्दीतून तो पुढे आला याचा मला मनापासून आनंद आहे. ‘जीटीए ६’ हा खेळ पुन्हा लांबणीवर पडला आणि त्याला १९ नोव्हेंबर २०२६ ची तारीख मिळाली. त्यावरही खेळाडू तावातावानं बोलत आहेत, आणि बोलावंच.

पण या गजबजाटात दुसऱ्या एका तारखेबद्दल फार थोडे लोक बोलतात. १२ जानेवारी २०२६. त्या दिवशी ‘अँथम’चे सर्व्हर बंद झाले. हा बायोवेअरनं बनवलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं फेब्रुवारी २०१९ मध्ये विकायला काढलेला खेळ. पोलादी चिलखत घालून धबधब्यांमधून, दऱ्यांमधून भरारी मारायची. खेळाला नावं ठेवणाऱ्यांनीही त्या भरारीचं कौतुक केलं होतं. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे १२ जानेवारीनंतर ज्याच्याकडे डिस्क आहे त्याच्याकडे फक्त एक चकती उरली. साठ डॉलर मोजून घेतलेला खेळ त्याच्या घरात आहे, पण त्याला तो खेळता येत नाही.

यावर पहिला युक्तिवाद ठरलेला आहे. तुम्ही खेळ विकत घेतलाच नव्हता, तुम्ही परवाना घेतला होता. करारात तसं लिहिलंय, वाचलं नाहीत ही तुमची चूक. हे म्हणणं कायद्याच्या भाषेत बरोबर असेलही, पण व्यवहाराच्या भाषेत टिकत नाही. परवाना म्हणजे काय हे पुण्या-मुंबईत भाड्यानं राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लीव्ह अँड लायसन्सचा करार होतो, त्यावर अकरा महिने असं स्पष्ट लिहिलेलं असतं. डिपॉझिट किती, नोटीस किती दिवसांची, सगळं सही करण्याआधी ठरतं. घरमालक मुदतीच्या मधेच कुलूप बदलून ‘आता हे घर राहिलं नाही’ म्हणाला, तर त्याला आपण परवान्याचा अधिकार म्हणत नाही. इथे तर दुकानात ‘विकत घ्या’ असं बटण असतं, एकरकमी पूर्ण किंमत घेतली जाते आणि मुदत मात्र कुठेच लिहिलेली नसते. मुदत न सांगता दिलेला आणि देणाऱ्याच्या मर्जीनं कधीही संपणारा परवाना हा प्रामाणिक व्यवहार नव्हे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ‘तुम्ही परवाना घेत आहात’ हे ग्राहकाला सांगणं बंधनकारक झालं, ही चांगली गोष्ट आहे. पण खड्ड्याशेजारी पाटी लावली म्हणून खड्डा बुजत नाही.

हा प्रश्न पेटला तोही डिसेंबरातच. १४ डिसेंबर २०२३ ला युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ दुकानांतून काढला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०१४ चा हा खेळ. अख्खी अमेरिका आक्रसून त्यात बसवलेली, न्यूयॉर्कहून निघावं आणि कुठेही न थांबता लॉस एंजेलिसला पोहोचावं. एकट्यानं खेळायची पूर्ण कथाही त्यात होती. ३१ मार्चनंतर ती कथाही गेली. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांच्या पुढाकारानं मागणी मांडायची तर वर्षभरात दहा लाख सह्या लागतात. हा आकडा २०२५ च्या जुलैत पार झाला. ज्यांना आपण ‘गेमर पोरं’ म्हणून बाजूला सारतो, त्यांनी कायद्याची सनदशीर वाट धरली, देशोदेशीच्या सह्या जमवल्या आणि ब्रिटनच्या संसदेत नोव्हेंबरमध्ये चर्चा घडवून आणली. तिथल्या सरकारनं कायदा बदलायचा विचार नाही असं सांगितलं. तरीही ‘खेळाडू फक्त कुरकुर करतात’ हा आरोप आता कुणी करू नये.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सर्व्हर चालवायला पैसा लागतो, माणसं लागतात. कोणतीही कंपनी एक खेळ अनंत काळ कसा चालवील? युबिसॉफ्टचे प्रमुख ईव्ह गिलमो भागधारकांपुढे हेच बोलले: शाश्वत काहीच नसतं. मान्य. पण अनंत काळ चालवा असं मागितलंय कोणी? मागणी एवढीच आहे की जाताना खेळ चालू अवस्थेत सोडून जा. एकट्याचा भाग सर्व्हरविना चालू द्या, नाहीतर सर्व्हरचा प्रोग्राम खेळाडूंच्या हाती द्या, पुढचं ते पाहतील. भाडेकरूला आयुष्यभर पाणी पुरवा असं कोणी म्हणत नाही. निघताना विहीर बुजवून जाऊ नका, इतकंच म्हणणं आहे.

हे अशक्य आहे असं युरोपातल्या गेम उद्योगाच्या संघटनेचं म्हणणं पडलं: खासगी सर्व्हरवर सुरक्षितता राहणार नाही, जबाबदारी आमच्यावर येईल, खर्च परवडणार नाही. मग ‘नॉकआउट सिटी’चं काय? वेलान स्टुडिओज या लहान कंपनीनं जून २०२३ मध्ये सर्व्हर बंद केले आणि त्याचबरोबर खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती फुकट दिली. ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ मध्ये बंद पडला होता. चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनी एनसीसॉफ्टनं त्यांच्यातल्या एका गटाला रीतसर परवानगी दिली. आणि खुद्द युबिसॉफ्टनं, एवढा गदारोळ झाल्यावर, ‘द क्रू २’ ऑफलाइन चालेल अशी सोय २०२५ च्या ऑक्टोबरात करून दिली. जे ‘द क्रू’साठी झालं नाही ते ‘द क्रू २’साठी झालं. मधल्या काळात विज्ञानानं झेप घेतली नव्हती, फक्त लोक बोलले होते.

एक गोष्ट मात्र मी कबूल करतो. आधीच बनलेल्या जुन्या खेळांचं हे काम खरोखर अवघड असतं. त्यांच्यात दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम गुंतलेले असतात, गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपलेली असते. म्हणूनच मोहीम मागचे खेळ नव्हे, पुढचे खेळ धरून बोलते. शेवट कसा करायचा हे आरंभीच ठरवलं, तर खर्च थोडा येतो. इमारतीला जिना बांधतानाच ठेवायचा असतो. दहाव्या मजल्यावर राहायला गेल्यावर तो आठवून उपयोग नाही.

तिसरा युक्तिवाद मला सर्वात जास्त खटकतो: असले खेळ खेळतं कोण? ‘अँथम’ तसाही पडलेला खेळ, गेला तर गेला. हे वाक्य आपल्याकडे तरी कोणी उच्चारू नये. ‘आलम आरा’ या चित्रपटाची एकही प्रत आज नाही. बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण नाही, तुकडे आहेत. जुन्या रिळांतली चांदी काढायला ती भंगारात विकली गेली, कारण तेव्हाही सगळे म्हणत होते की आता हे पाहतं कोण. पुण्यात चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ साली, आणि तोवर मूकपटांचा काळ बहुतांशी हातचा गेला होता. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाले होते. पण त्यांतल्या पुष्कळांची डिस्क किंवा कॅसेट कोणाच्या तरी कपाटात तरी आहे. सर्व्हरवरच्या खेळाची रीळच खेळाडूच्या घरी नसते, ती कंपनीच्या घरी असते. तिथं बटण बंद झालं की संग्राहकाला जपायलाही काही उरत नाही.

यंदाच्या दिवाळीत सांगलीला मावशीचा माळा साफ करताना जुन्या साडीत गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम सापडला. यंत्र कोणत्या कारखान्यात बनलं हे त्यावर कुठेच लिहिलेलं नाही. सोबत एक पिवळी कॅसेट होती, तिची तळाची पट्टी काळवंडलेली. मावसभावानं जुन्या टीव्हीच्या मागे वायर खोचली, कॅसेटवर सवयीनं फुंकर मारली, दोनदा आत-बाहेर केली. तिसऱ्या खेपेला पडदा निळा झाला आणि मारिओ उभा राहिला. भावाची सहा वर्षांची मुलगी पहिल्याच खड्ड्यात पडली, मग दुसऱ्यांदा उडी मारून पलीकडे गेली आणि किंचाळली. मी त्याच खड्ड्यात पडायचो. तीस वर्षांपूर्वीचा तो खेळ चालवायला आम्हाला कोणाची परवानगी लागली नाही.

आपल्याकडच्या मुलांनाही खेळ एका दिवसात नाहीसा होणं नवं नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. तिचं कारण वेगळं होतं, निर्णय सरकारचा होता. पण पॉकेटमनीतून घेतलेले कपडे आणि बंदुकांचे रंग पाहायला न मिळण्याचं वाईट वाटणं तेच होतं, आणि मोठ्यांनी तेव्हा त्यांना म्हटलं होतं की खेळच तो, अभ्यासाला लागा. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मुलानं साठवलेल्या पैशाचा व्यवहार हा मोठ्यांच्या व्यवहाराइतकाच खरा असतो.

म्हणून वर्षअखेरीच्या याद्यांमध्ये एक यादी वाढवा, असं माझं पुरस्कार देणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना सांगणं आहे. वर्षभरात कोणते खेळ बंद केले गेले, कोणी केले, आणि जाताना खेळाडूंच्या हाती काय ठेवलं, हे नाव घेऊन छापा. विक्रेत्यांनी खोक्यावर आणि दुकानाच्या पानावर किमान किती वर्षं खेळ चालेल ते लिहावं. औषधाच्या पाकिटावर तारीख छापता येते, तर इथेही येईल. आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला एकच सांगणं: ‘अँथम’चा सर्व्हर-प्रोग्राम आता तरी खेळाडूंना द्या. ज्यांना अजून त्या धबधब्यावरून भरारी मारायची आहे, ते हजार असोत की दहा, त्यांना मारू द्या.