मुलीच्या स्कर्टची उंची कुणी ठरवायची?

शाळा उघडायची वेळ आली की घरोघरी वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा हिशेब मांडला जातो. कष्टकऱ्यांच्या घरात गणवेशाचे कापड वर्षाला एकदाच घेतले जाते, कधी दोन वर्षांतून एकदा. म्हणून आपल्या माता-भगिनी शिंप्याला सांगतात, "जरा मोठाच शिवा, पुढच्या वर्षीही चालला पाहिजे." मग पहिल्या वर्षी स्कर्ट पोटऱ्यांवर लोंबतो आणि दुसऱ्या वर्षाअखेर गुडघ्याच्या वर चढतो. दोन्ही वर्षे मुलगी अवघडलेली राहते. आखूड स्कर्टातली मुलगी फळ्याकडे जायला उठत नाही, खेळाच्या तासाला कडेला बसते, सायकलवर बसायला कचरते. पोरीला कशातच गोडी नाही, असे आपण समजतो. खरे कारण चार बोटे कापडाचे असू शकते. म्हणून आजच्या सदरात हा साधा वाटणारा विषय आम्ही घेतला आहे.

कपड्याच्या लांबीचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी स्पष्ट शब्दांत समजावले. आखूड नेसलेले लुगडे आणि अंगावरचे चांदीचे, कथलाचे ढीगभर दागिने ही अस्पृश्यतेची खूण होऊन बसली होती. ती खूण टाका, नीटनेटक्या राहा आणि मुलींना शिकवा, असा तो उपदेश होता. आपल्या आज्या-पणज्यांनी तो मनावर घेतला, म्हणून आज आपल्या मुली गणवेश घालून शाळेत जातात.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घेतली पाहिजे. बाबासाहेबांनी लुगडे खाली नेसायला सांगितले ते स्त्रीला झाकून ठेवण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्यांनी लादलेली खूण पुसण्यासाठी. तेव्हा "आता मोठी झालीस, स्कर्ट नको, सायकल नको" असे म्हणून जे मुलीची शाळा तोडायला निघतात, त्यांनी महाडचा दाखला देऊ नये. कपडा लांब की आखूड, हा खरा सवाल नाही. मुलगी त्यात ताठ मानेने वावरते का, हा सवाल आहे.

आता मापाकडे वळू. शिंप्याकडे जाताना मुलीला सोबत न्या. जुन्या स्कर्टवरून माप देऊ नका. ती कंबरेला जिथे स्कर्ट बांधते, तिथूनच टेप लावायला सांगा. चौकडीच्या कापडाचा चुण्यांचा स्कर्ट पुष्कळ शाळांत असतो. स्कॉटलंडमधले पुरुष जो किल्ट नेसतात, तो याच घराण्यातला. किल्टची खालची कड गुडघ्याच्या वाटीशी यावी लागते. ते पाहण्यासाठी नेसणाऱ्याला गुडघ्यांवर ताठ उभे करतात. कड जमिनीला जेमतेम टेकली किंवा बोटभर वर राहिली की माप जमले. हीच युक्ती घरी करा. मुलीला गुडघ्यांवर उभी करा. कड जमिनीला टेकली म्हणजे उभी राहिल्यावर गुडघे झाकले जातील. शाळेसाठी त्याहून दोन-तीन बोटे जास्त ठेवावीत. गुडघ्याखाली पाय जिथे बारीक होतो, तिथे कड आली की स्कर्ट शोभूनही दिसतो. पोटरीच्या भरलेल्या भागावर कड आली तर मुलगी उगाच बुटकी आणि जाड दिसते.

किल्टला खाली बहुधा दुमड नसते, कापडाचा काठ हीच त्याची कड. त्यामुळे पुढे त्याची उंची वाढवता येत नाही. आपल्या मुली वाढत्या वयाच्या आहेत, म्हणून दुमड तीन इंचांची ठेवायला सांगा आणि ती मशीनऐवजी हाताने शिवून घ्या. स्कर्ट पहिल्याच वर्षी मापाचा होईल आणि पुढची वाढ दुमडीत राहील. दुमड उसवल्यावर जुनी घडी दिसते. त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवली की ती बरीच जाते. सुती कापड असेल तर कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आटेल.

चुण्यांत कंजुषी करू नये. पूर्ण चुण्यांना घेराच्या तिप्पट कापड लागते. कमी कापडातल्या चुण्या बसताना फाकतात आणि स्कर्ट वर ओढला जातो. कंबरेला हूक अडकवायच्या दोन जागा करून घ्या. कंबर घट्ट झाली तरी स्कर्ट वर चढतो. शाळेतून तयार गणवेश मिळत असेल तर आधी त्याची दुमड तपासा. दुमड नसेल तर कंबरेला त्याच रंगाची रुंद पट्टी जोडून उंची वाढवता येते. आत सुती अर्धी पँट असली की मुलगी निर्धास्त खेळते.

शेवटी कड चोहीकडून जमिनीपासून पट्टीने मोजा. विनयपिटकातील सेखिय नियमांत भिक्खूंना सांगितले आहे की अंतर्वासकाने बेंबी आणि दोन्ही गुडघे झाकावेत, ते सर्व बाजूंनी सारखे असावे, पुढे किंवा मागे लोंबू नये. तो नियम भिक्खूंचा आहे, मुलींवर लादण्याचा नाही. पण साध्या वस्त्रातही नीटनेटकेपणा असावा, ही शिकवण आपणा सर्वांची आहे.

स्कर्ट तयार झाला की पैसे देण्याआधी मुलीला तो घालून मांडी घालून बसू द्या, वाकू द्या, जिना चढू द्या. मग तिलाच विचारा, "यात पळता येईल का?" शिंप्याचे ऐकावे, शाळेचा नियम पाळावा, आईचा अनुभवही मोलाचा. पण दिवसभर तो स्कर्ट अंगावर वागवणार ती मुलगी. शेवटचा शब्द तिचा असू द्या.

जयभीम!