रेवड्या, इनाम आणि उधारी

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे १९५२ मधील हेलसिंकीचे कांस्यपदक आणि कवठेपिरानच्या मारुती माने यांचे १९६२ मधील जकार्ताचे सुवर्णपदक आपण अभिमानाने सांगतो. त्यामागचा सुगीनंतरचा जत्रांचा हंगाम मात्र विसरतो. सातारा-सांगलीत पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून मोठ्या इनामांच्या कुस्त्यांपर्यंत तो पसरलेला असतो. लोकवर्गणीतून जमलेल्या इनामावर खुराक भागवायचा आणि एरवी शेती पाहायची, असा हा मल्ल ना पुरता हौशी, ना पुरता व्यावसायिक. आमच्या वाचनातील ग्रामीण कथेने त्याचे डावपेच रंगवले. जमाखर्च क्वचितच मांडला. हंगाम हातचा गेल्यावर थकलेली दुधाची उधारी जोवर कथेत येत नाही, तोवर तिचा वास्तववाद आम्हांस अपुराच वाटणार.